कोपर ते मनगट : हाताची रचना समजून घ्या, घट्ट पट्टीचा धोका ओळखा

उमरखेड आणि आसपासच्या गावांत सोयाबीनची सोंगणी सुरू झाली, की हाताच्या दुखापतींचे रुग्ण वाढतात. कुणाचा हात मळणी यंत्रात ओढला जातो, कुणी बंडीवरून किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडतो, कुणी ओल्या बांधावरून घसरतो. वर्षाच्या इतर दिवसांत दुचाकीचे अपघात असतातच. झाडावरून किंवा गच्चीवरून पडलेली लहान मुले असतात आणि न्हाणीघरात पाय घसरून हातावर पडलेल्या आजीही असतात. यांपैकी बऱ्याच जणांची दुखापत एकाच भागाला झालेली असते : कोपर ते मनगट.

वैद्यकीय मराठीत या भागाला अग्रबाहू म्हणतात. बोलताना आपण नुसते ‘हात’ म्हणतो. हा भाग आतून कसा असतो हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असणे उपयोगाचे आहे, कारण मोडलेले हाड बहुतेक वेळा नीट जुळते. हात कायमचा निकामी होतो तो अनेकदा हाडामुळे नव्हे, तर त्यानंतरच्या काही तासांत आतली सूज आणि वरून बांधलेली घट्ट पट्टी यांच्यामध्ये स्नायू आणि नसा गुदमरल्यामुळे. वेळेत ओळखले तर हे नुकसान टाळता येते, आणि ते सर्वात आधी ओळखू शकतात ती रुग्णाजवळ बसलेली घरची माणसे.

दोन हाडे, एक जोडी

दंडात एकच हाड असते, पण कोपराच्या खाली दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना.

अल्ना तुम्हाला स्वतःच्या हाताला चाचपून पाहता येते. कोपराचे मागचे टोकदार हाड म्हणजे अल्नाचे वरचे टोक. तिथून करंगळीच्या बाजूने बोट खाली सरकवत आणले, तर मनगटापर्यंत हाडाची कडा त्वचेखाली लागत राहते. तिच्यावर स्नायूंची गादी नसते. म्हणूनच काठीचा मार अडवायला हात वर केला, की बहुधा हेच हाड मोडते.

रेडियस याच्या उलट आहे. ते कोपराशी बारीक आणि मनगटाशी रुंद असते. तळहातावरून येणाऱ्या भाराचा साधारण 80 टक्के भाग मनगटाशी हेच हाड पेलते. माणूस पडताना आधारासाठी हात पुढे टेकवतो, तेव्हा रेडियस मनगटाजवळ मोडते ते यामुळे. पन्नाशीनंतर, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये हाडे ठिसूळ झालेली असतात, म्हणून साध्या घसरण्यानेही हे हाड मोडते. अब्राहम कॉलिस या आयरिश शल्यचिकित्सकाने 1814 मध्ये या दुखापतीचे वर्णन केले. तुमच्या कागदावर ‘कॉलिस फ्रॅक्चर’ लिहिलेले असेल तर ते हेच.

दोन्ही हाडांच्या मध्ये एक चिवट पडदा असतो. तो त्यांना लांबीभर बांधून ठेवतो. शिवाय कोपराशी आणि मनगटाशी ही हाडे एकमेकांना सांध्याने जोडलेली असतात. म्हणजे ही दोन सुटी हाडे नसून एक बंद चौकट आहे. चौकटीची एक बाजू मोडून सरकली तर दुसरीकडे कुठेतरी सांधाही निखळलेला असू शकतो. अल्ना मोडते आणि रेडियसचे डोके कोपरातून सरकते, किंवा रेडियस मोडते आणि मनगटाजवळचा सांधा सुटतो. म्हणून एक्स-रे काढताना कोपर आणि मनगट दोन्ही दिसले पाहिजेत. एक्स-रेमध्ये फक्त दुखरा मधला भाग असेल, तर ‘वरचा आणि खालचा सांधा पाहिला का?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा.

हात उताणा आणि पालथा कसा होतो?

कोपर अंगाला चिकटवून नव्वद अंशांत वाकवा. आता तळहात आकाशाकडे करा, मग जमिनीकडे. या हालचालीत अल्ना जवळजवळ जागेवरच राहते आणि रेडियस तिच्याभोवती फिरते. तळहात वर असताना दोन्ही हाडे शेजारी समांतर असतात. तळहात खाली केला की रेडियस अल्नावरून तिरपी येते.

घास तोंडात घालणे, ओंजळीत पाणी घेणे, कुलपात किल्ली फिरवणे, पिळे घालून कपडे पिळणे, पोळी लाटल्यावर ती तव्यावर उलटणे ही सगळी कामे या फिरण्यावर चालतात. त्यामुळे मोठ्या माणसाची दोन्ही हाडे मधोमध मोडली, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रिया करून पट्टी आणि स्क्रू बसवायला सांगतात. हाड थोडे वाकडे जुळले तरी हात दिसायला ठीक दिसतो, पण तळहात पूर्ण उताणा होत नाही. भात खाणाऱ्या माणसाला त्याचा अर्थ रोज दोन वेळा कळतो. लहान मुलांची हाडे वाढीत असल्यामुळे थोडा वाकडेपणा स्वतः सरळ करून घेतात. म्हणून मुलांना बरेचदा हाड जागेवर बसवून घातलेले प्लास्टर पुरते.

बोटांची ताकद बोटांत नसते

डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा जाड भाग धरा आणि उजव्या हाताची बोटे उघडझाप करा. हालचाल बोटांत दिसते, पण स्नायू तुमच्या मुठीत फुगताना जाणवतात. बोटांमध्ये स्वतःचे स्नायू नसतात. बोटे वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात, आणि त्यांच्या लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचे हात वरच्या दोऱ्यांनी हलतात, तसेच हे.

अग्रबाहूत असे एकूण 20 स्नायू असतात. तळहाताच्या बाजूला 8. ते मुख्यतः मनगट आणि बोटे वाकवतात, वस्तू घट्ट धरतात. मागच्या बाजूला 12. ते मनगट आणि बोटे वर उचलतात, सरळ करतात.

मनगटाजवळ मात्र स्नायू जवळपास संपलेले असतात आणि कंडरा, नसा, रक्तवाहिन्या त्वचेच्या लगेच खाली येतात. म्हणून विळ्याचा किंवा फुटलेल्या काचेचा छोटा दिसणारा वारही इथे खोल नुकसान करतो. वरून दोन टाके घालून भागेल अशी जखम वाटते, पण एखादे बोट वाकत नसेल तर आतली कंडरा तुटलेली असू शकते. मनगटावरच्या कुठल्याही कापल्याच्या जखमेत टाके घालण्याआधी प्रत्येक बोट हलते का आणि प्रत्येक बोटाला स्पर्श कळतो का, हे पाहायलाच हवे.

रक्त कुठून येते?

दंडातून येणारी एक मोठी धमनी कोपराच्या जरा खाली दोन शाखांत विभागते. एक अंगठ्याच्या बाजूने, दुसरी करंगळीच्या बाजूने खाली उतरते. तळहातात या दोन्ही पुन्हा कमानीसारख्या जोडल्या जातात. डॉक्टर मनगटावर नाडी पाहतात ती अंगठ्याच्या बाजूच्या धमनीची.

या मोठ्या धमन्यांना पुढे बारीक बारीक फांद्या फुटतात आणि शेवटी केसापेक्षाही सूक्ष्म अशा केशवाहिन्या होतात. स्नायूला प्राणवायू मिळतो तो या केशवाहिन्यांतून. मोठ्या धमनीत रक्त वाहत असले, तरी केशवाहिन्या दबल्या असतील तर स्नायू उपाशीच राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे लागणार आहे.

तीन नसा आणि घरी करता येणारी तीन खुणांची तपासणी

हाताला मेंदूकडून आदेश नेणाऱ्या आणि स्पर्शाची खबर परत आणणाऱ्या तीन मुख्य नसा अग्रबाहूतून जातात : मीडियन, अल्नर आणि रेडियल. कोपराची आतली बाजू कशाला आपटली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या अल्नर नसेच्या. ती तिथे हाडामागून, अगदी त्वचेखालून जाते.

हाताला मार लागल्यावर किंवा प्लास्टर घातल्यावर या तीनही नसा काम करतात का, हे घरी बसूनही पाहता येते. रुग्णाला तीन खुणा करायला सांगा :

• अंगठा वर करून दाखवणे. अंगठा पूर्ण ताठ उभा राहिला तर रेडियल नस काम करते आहे.
• अंगठा आणि पहिले बोट यांची टोके जुळवून गोल करणे, जसे आपण ‘झकास’ म्हणताना करतो. गोल नीट झाला, चपटा झाला नाही, तर मीडियन नस काम करते आहे.
• सगळी बोटे सरळ करून एकमेकांपासून फाकवणे. फाकवता आली तर अल्नर नस काम करते आहे.

लहान मुलाला ही तपासणी खेळासारखी वाटते, त्यामुळे ते दुखऱ्या हातानेही करून दाखवते. दुखापतीनंतर लगेच जमत असलेली खूण काही तासांनी जमेनाशी झाली, तर ती धोक्याची सूचना समजा.

जागा ठरलेली, सूज वाढणारी

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. हे 20 स्नायू मोकळे पसरलेले नसतात. ते कप्प्यांमध्ये बसवलेले असतात. तळहाताच्या बाजूचा एक कप्पा, मागच्या बाजूचा एक, आणि अंगठ्याच्या बाजूला कोपराजवळचा एक छोटा. प्रत्येक कप्प्याच्या एका बाजूला हाडे आणि मधला पडदा, तर बाकीच्या बाजूंनी पांढरे, चिवट आवरण असते. हे आवरण ताणले जात नाही. ज्वारीने ठासून भरलेल्या पोत्यासारखी ही रचना आहे. पोत्यात आणखी ज्वारी कोंबली तर पोते मोठे होत नाही, आतला दाब वाढतो.

हाड मोडले, स्नायू चेंगरला किंवा आत रक्तस्राव झाला, की सूज येते. कप्पा मोठा होऊ शकत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. त्यात वरून घट्ट पट्टी, घट्ट बांधलेल्या बांबूच्या कामट्या किंवा सूज येण्याआधी घातलेले पूर्ण गोल प्लास्टर असेल, तर त्वचेलाही बाहेर फुगायला जागा राहत नाही. दाब वाढत वाढत केशवाहिन्या मिटतात. स्नायूला रक्त मिळत नाही. उपाशी स्नायू आणखी सुजतो, दाब आणखी वाढतो. या चक्राला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात.

‘पण नाडी तर लागते!’

हा गैरसमज फार घातक ठरतो. मोठ्या धमनीत रक्ताचा दाब हृदयाच्या ठोक्यासोबत 120 च्या आसपास असतो. कप्प्यातला दाब 30 च्या वर गेला तरी केशवाहिन्या मिटू लागतात. म्हणजे स्नायू मरणपंथाला लागलेला असतानाही मनगटावर नाडी व्यवस्थित लागू शकते आणि बोटे गुलाबी, उबदार दिसू शकतात. नाडी गेली तर धोका निश्चित आहे. पण नाडी आहे म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही.

हातात किती वेळ असतो?

रक्ताविना स्नायू साधारण 4 तासांनंतर खराब होऊ लागतो. 6 ते 8 तासांनंतर झालेले बरेचसे नुकसान परत भरून येत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी नंतर कडक, आखडलेला तंतूंचा गठ्ठा तयार होतो. तो बोटांना कायमचे ओढून धरतो. मनगट वाकलेले, बोटे पंजासारखी आखडलेली, पकड नाही, स्पर्श बधिर, असा हात पुढे आयुष्यभर राहतो. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने 1881 मध्ये घट्ट पट्ट्यांनंतर येणाऱ्या या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला फोल्कमान काँट्रॅक्चर म्हणतात. त्यानंतर शस्त्रक्रिया करून थोडी हालचाल मिळवता येते, पण पहिल्यासारखा हात मिळत नाही.

आता हेच तास आपल्या भागाच्या घड्याळावर मांडून पाहा. समजा दुपारी 4 वाजता मुलगा पडला. 5 वाजता गावातच कुणीतरी हाड बसवून कामट्या बांधल्या. रात्री 8 वाजता मूल कळवळू लागले. घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘हाड मोडलंय, दुखणारच, सकाळी बघू.’ सकाळी 7 वाजता निघेपर्यंत दुखणे वाढल्याला 11 तास झालेले असतात. पुसदला किंवा नांदेडला पोहोचेपर्यंतचा वेळ त्यावर वेगळा. या उदाहरणात हाड कसे बसवले होते हा प्रश्नच उरत नाही. हात गेला तो ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांत.

धोक्याची लक्षणे कोणती?

हाड मोडल्यावर दुखतेच. मग वेगळे काय ओळखायचे? साधे दुखणे हात स्थिर ठेवला, आधार दिला, औषध घेतले की कमी होते. धोक्याचे दुखणे तासागणिक वाढते.

• दुखापतीच्या मानाने खूपच जास्त आणि सतत वाढणारे दुखणे. वेदनाशामक गोळी घेऊनही न थांबणारे.
• रुग्णाची बोटे दुसऱ्याने हळूच सरळ केली तर कोपराखाली असह्य कळ येणे. हे सर्वात भरवशाच्या लवकरच्या लक्षणांपैकी एक आहे.
• हात दगडासारखा टणक, त्वचा चकचकीत ताणलेली. पट्टी ‘आवळते आहे’ अशी तक्रार.
• बोटांना मुंग्या, बधिरपणा.
• वर दिलेल्या तीन खुणांपैकी एखादी न जमणे.
• बोटे पांढुरकी, निळसर किंवा गार पडणे. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी रंग परत न येणे. ही उशिराची लक्षणे आहेत, त्यांची वाट पाहू नका.

लहान मूल ‘बधिर वाटते’ असे सांगू शकत नाही. ते किरकिर करते, झोपत नाही, पुन्हा पुन्हा औषध मागते, हाताला हात लावू देत नाही. मुलांमध्ये कोपराच्या जरा वर दंडाचे हाड मोडले तरीही हाच धोका असतो, कारण मोठी धमनी तिथून अगदी जवळून जाते. खूप रडून मूल अचानक शांत झाले आणि बोटे हलवत नसेल, तर ‘दुखायचे थांबले’ असे समजू नका. नस बधिर झाल्यामुळेही दुखणे थांबते.

पहिले 48 तास सर्वात जोखमीचे. या काळात दर दोन तासांनी, रात्रीही गजर लावून, बोटे पाहा.

अशा वेळी काय करावे?

1. कापडी पट्टी, कामट्या किंवा क्रेप बँडेज बांधले असेल तर ते ताबडतोब सैल करा. सोडताना हात हलत असेल तर कात्रीने लांबीत कापा. सर्वात आतला कापूस आणि कापडही त्वचेपर्यंत मोकळे झाले पाहिजे. अर्धी पट्टी आत आवळलेली राहिली तर उपयोग नाही. हाताला खालून फळीचा किंवा उशीचा आधार ठेवा. हाड पुन्हा बसवता येते, स्नायू परत आणता येत नाही.
2. पक्के प्लास्टर असेल तर ते कापायला लगेच रुग्णालयात जा. कुठल्याही वेळी गेलात तरी चालते. ‘प्लास्टर आवळते आहे आणि बोटे सरळ केली की कळ येते’ हे वाक्य स्पष्ट सांगा.
3. अंगठी, बांगड्या, कडे, मनगटातला गंडा-दोरा काढा. अंगठी निघत नसेल तर कापून घ्या.
4. हात हृदयाच्या पातळीवर ठेवा. एरवी सूज उतरण्यासाठी हात उंच ठेवायला सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण वरची लक्षणे दिसू लागली असतील, तर हात फार उंच ठेवल्याने रक्त पोहोचणे आणखी कमी होते. खाली लोंबकळतही ठेवू नका.
5. वाटेत खायला-प्यायला देऊ नका. तातडीने भूल द्यावी लागू शकते.

रुग्णालयात पट्टी सोडूनही दाब उतरला नाही, तर कप्प्याचे आवरण लांब छेद देऊन उघडावे लागते. जखम काही दिवस उघडीच ठेवतात आणि सूज उतरल्यावर बंद करतात, कधी त्वचारोपण करावे लागते. कोपरापासून मनगटापर्यंतचा उघडा छेद पाहून नातेवाईक हादरतात आणि सही करायला कचरतात. पण वेळेत दिलेला हा छेद हात वाचवतो. व्रण राहतो, हात चालतो.

काय करू नये?

• मोडलेल्या हाताला तेल लावून चोळू नका. कोपराजवळ चोळल्याने स्नायूतच हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते.
• बर्फ थेट त्वचेवर ठेवू नका. कापडात गुंडाळून थोडा वेळ शेकवा.
• प्लास्टरच्या आत खाजवायला काडी, पट्टी घालू नका.
• एक्स-रे काढल्याशिवाय हाड ओढून बसवून घेऊ नका. गावात हाड बसवणाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास असतो आणि साध्या मुरगळीत आराम पडलेला असतो, हे खरे आहे. तरीही तिथे गेलात, तर निदान पट्टी आवळून बांधू देऊ नका आणि बोटे झाकू देऊ नका. बोटे दिसली नाहीत तर ती पाहणार कशी?

यंत्रात हात सापडला तर

आधी यंत्र बंद करा. हात ओढून काढण्याचा प्रयत्न करू नका, पट्टा उलटा फिरवून किंवा भाग सोडवून काढा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने न थांबता दाबून धरा. बहुतेक रक्तस्राव एवढ्याने थांबतो. हाताचा भाग तुटून रक्ताची धार लागली असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जीव वाचवण्यासाठी रुंद पट्टीने दंड आवळा, किती वाजता आवळला ते लिहून ठेवा आणि रुग्णालयात सांगा. बारीक सुतळी किंवा तार कधीही वापरू नका.

तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फात ठेवू नका. बाहेरून फाटलेले काहीच दिसत नसले, पण हात रोलरमध्ये चेंगरला असेल, तरीही तो रुग्णालयात दाखवा. चेंगरलेल्या हातात कप्प्याचा दाब काही तासांनी वाढतो.

साप चावल्यावर दोरी बांधणे

शेतात गवत कापताना, कडबा किंवा काडीकचरा उचलताना साप हाताला चावतो. पहिली प्रतिक्रिया असते दोरीने दंड आवळायची. विष त्याने अडत नाही, पण विषाने सुजणाऱ्या हाताचे रक्त मात्र अडते आणि वर सांगितलेलेच नुकसान होते. म्हणून दोरी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. बांगड्या-अंगठ्या काढा, मोडलेल्या हाताला देतो तसा सैल आधार देऊन हात स्थिर ठेवा आणि सरळ रुग्णालयात जा. कुणी आधीच दोरी बांधली असेल, तर ती वाटेत एकदम सोडू नका. डॉक्टरांसमोर सोडू द्या.

उमरखेडहून कुठे जावे?

आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात जाणे योग्य. तिथे पट्टी सैल करणे, हाताला आधार, सलाईन, धनुर्वाताचे इंजेक्शन आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी हे होऊ शकते. पुढे अस्थिरोग तज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोन्ही असलेले ठिकाण गाठायचे असते. पैनगंगेपलीकडचे नांदेड उमरखेडकरांना यवतमाळपेक्षा जवळ पडते. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, यवतमाळला श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आपला जिल्हा कोणता याचा विचार अशा वेळी करू नका, जे लवकर गाठता येईल ते गाठा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. निघण्याआधी फोन करून शस्त्रक्रियेची सोय आत्ता आहे का, हे विचारता आले तर एक फेरी वाचते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

प्लास्टर असताना आणि निघाल्यावर

धोक्याचे दिवस सरले, की काम उरते हालचालीचे. प्लास्टरबाहेरची बोटे, कोपर मोकळे असेल तर कोपर, आणि खांदा दिवसातून अनेक वेळा हलवा. बोटे हलवल्याने हाड सरकत नाही. उलट सूज उतरते आणि कंडरा चिकटत नाहीत. हात गळ्यातल्या झोळीत ठेवला तर खांदा आखडतो, म्हणून रोज झोळीतून काढून खांदा वर-खाली करा.

मुलांचे प्लास्टर साधारण 4 ते 6 आठवड्यांत निघते. मोठ्यांच्या अग्रबाहूची हाडे जुळायला बहुधा 8 ते 12 आठवडे लागतात. तंबाखू, खर्रा, बिडी यांमुळे हाड जुळायला उशीर होतो. एवढे दिवस तरी सोडा, जमले तर कायमचे. प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कोरडा आणि ताठ दिसतो. ते अपेक्षितच असते. कोमट पाण्यात मूठ उघडझाप करणे, कोपर अंगाला लावून हातात लाटणे धरून तळहात उताणा-पालथा करणे हे व्यायाम डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरू करा. बादली उचलणे, फवारणी पंप पाठीवर घेणे, कुऱ्हाड चालवणे ही कामे मात्र एक्स-रेवर हाड जुळलेले दिसल्याशिवाय नकोत.

हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा

ज्याचा हात मोडला आहे तो वेदनेत असतो. औषधाच्या गुंगीत असतो, किंवा इतका लहान असतो की त्याला सांगता येत नाही. निर्णय जवळ बसलेल्या आईला, वडिलांना, भावाला घ्यायचा असतो, आणि बहुतेकदा रात्री घ्यायचा असतो. त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बोटे नेहमी दिसू द्या. बोटे सरळ करताना कोपराखाली कळ येते का ते पाहा. दुखणे तासागणिक वाढत असेल, तर पट्टी सैल करा आणि त्याच वेळी घरातून निघा. रुग्णालयात गेल्यावर काहीच नव्हते असे निघाले, तर एक रात्र जागरणाची गेली, एवढेच.